बांधकामाचे कंत्राट, लवाद आणि न्यायालय



शासनाची विकासकामे आपण बहुधा आकड्यांत मोजतो. किती वर्गखोल्या बांधून झाल्या, किती किलोमीटर रस्त्यावर खडी पडली, किती पाझर तलाव पूर्ण झाले, याची नोंद अहवालांत होत असते. परंतु जी कामे अर्ध्यावर थांबली ती का थांबली, आणि ती पुन्हा मार्गी लागावीत म्हणून कोणी काय करावयास हवे होते, याचा विचार मात्र क्वचितच होतो. कामे थांबण्याची कारणे अनेक असतात. त्यांपैकी एक नेहमीचे कारण म्हणजे काम करवून घेणारी संस्था आणि कंत्राटदार यांच्यातील तंटा होय. असा तंटा सोडविण्यासाठी करारात लवादाची तरतूद असते. पण लवाद कोण असावा यावरच एकमत होत नाही आणि मग उच्च न्यायालयाला लवाद नेमावा लागतो. ही नेमणूक केव्हा होते, कशी होते, आणि तिच्या संदर्भात आपले कर्तव्य काय, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

हा विषय वकिलांचा आहे, आपल्याला त्याच्याशी काय कर्तव्य, असे कोणास वाटण्याचा संभव आहे. परंतु करारावर सही सरपंचाची किंवा कार्यकारी अभियंत्याची असते. कंत्राटदाराची नोटीस आवक नोंदवहीत घेणारा लिपिक आपल्याच कार्यालयात बसलेला असतो. आणि वर्ग पडवीत भरविण्याची पाळी आली तर ती मुख्याध्यापकांवर येते. वकील या प्रकरणात फार उशिरा येतो. तोपर्यंत जे बिघडावयाचे ते बहुतेक बिघडून गेलेले असते.

पंचांची परंपरा

तंटा तिऱ्हाईताकडे सोपवून त्याचा निर्णय दोघांनी मानावयाचा, ही कल्पना आपल्याला नवी नाही. ‘पाचामुखी परमेश्वर’ ही म्हण आपल्या भाषेत उगीच रूढ झालेली नाही. मराठेशाहीत वादी-प्रतिवादी पंचायतीपुढे येत तेव्हा तिचा निर्णय मान्य करू अशा अर्थाचा राजीनामा लिहून देत, जामीनकतबा देत, आणि मग आपापल्या तकरिरी मांडीत. राजीनामा या शब्दाचा तेव्हाचा अर्थ खुषीने दिलेली लेखी संमती असा होता. पद सोडण्याचा अर्थ त्याला पुढे चिकटला. पेशवाई संपल्यानंतर एल्फिन्स्टन याने १८१९ साली जो अहवाल लिहिला त्यात या पंचायतींचे विस्ताराने वर्णन आहे. त्यांचे गुण त्याने सांगितले, तसेच विलंबासारखे दोषही सांगितले.

आजच्या लवादाचा पायाही तोच आहे. दोन्ही पक्षांची आधी दिलेली लेखी संमती, आणि निर्णय देणारा तिऱ्हाईत. या दोन गोष्टी आपण ध्यानात ठेवल्या तर पुढील सर्व कायदा समजण्यास सोपा जातो. कारण न्यायालय नेमणुकीच्या वेळी मुख्यतः याच दोन गोष्टी पाहते. संमती खरोखर होती काय, आणि नेमला जाणारा माणूस खरोखर तिऱ्हाईत आहे काय?

भारतात लवादाचा अधिनियम १९४० साली झाला. त्याचा हेतू चांगला होता, पण व्यवहारात प्रत्येक टप्प्यावर न्यायालयात जाण्याची वाट त्यात मोकळी राहिली. १९८१ साली गुरू नानक फाउंडेशनच्या दिल्लीतील इमारतीच्या कंत्राटाचा तंटा सर्वोच्च न्यायालयापुढे आला. लवाद म्हणून एक निवृत्त मुख्य अभियंता स्वतः सर्वोच्च न्यायालयानेच नेमला होता. त्याने निवाडा दिला. आणि मग तो निवाडा कोणत्या न्यायालयात दाखल करावयाचा यावरच वाद झाला. न्यायमूर्ती डी. ए. देसाई यांनी त्या निकालात या अधिनियमाखालील कामकाजाविषयी जे विषादाचे उद्गार काढले ते आजही उद्धृत केले जातात. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणून जी वाट काढली, तीच पुन्हा कोर्टाच्या पायरीशी आणून सोडीत होती, असा त्यांचा एकंदर आशय होता.

यास्तव १९९६ साली लवाद व सलोखा अधिनियम आला. संयुक्त राष्ट्रांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारकायदा आयोगाने १९८५ साली तयार केलेल्या आदर्श कायद्यावर तो बेतलेला आहे. या अधिनियमाच्या अकराव्या कलमात लवादाच्या नेमणुकीची पद्धत सांगितलेली आहे.

एक उदाहरण

विषय स्पष्ट व्हावा म्हणून आपण एक कल्पित उदाहरण घेऊ. एका गावात शाळेच्या चार वर्गखोल्यांचे साठ लाख रुपयांचे काम एका लहान कंत्राटदाराला दिले आहे. जागेवरील जुनी पडकी इमारत हटविण्यास संस्थेला चार महिने उशीर झाला. पाया खोदताना अंदाजपत्रकात धरलेल्या मुरुमाऐवजी खोलवर काळी माती लागली. पाया अधिक खोल न्यावा लागला. जागेवरील अभियंत्याने तोंडी सांगितले, कंत्राटदाराने काम केले. ही जादा बाब मोजमाप पुस्तिकेत नीट चढली नाही. मुदत संपल्यावर संस्थेने उशिराबद्दल दंड आकारला आणि बिलातून तो कापून घेतला. कंत्राटदाराने काम थांबविले. तो म्हणतो, माझे अठरा लाख रुपये येणे आहे. संस्था म्हणते, उलट आमचेच तुझ्याकडे येणे आहे. खोल्यांच्या भिंती खिडकीच्या तळापर्यंत आलेल्या आहेत, आणि पावसाळा तोंडावर आहे.

दोघांचेही म्हणणे पूर्णतः खोटे नाही, हे येथे लक्षात घेतले पाहिजे. मोजमाप, मातीचे थर, दरसूची, मुदतवाढ या गोष्टी ज्याला कळतात अशा माणसाने कागद पाहून आणि जागा पाहून निर्णय द्यावा, हे उत्तम. बांधकामाच्या तंट्यात लवाद सोयीचा ठरतो तो याचसाठी.

लवादाचे कलम खरोखर आहे काय?

पहिला प्रश्न असा की, करारात लवादाचे कलम आहे काय. हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. अनेक राज्यांच्या बांधकाम व पाटबंधारे विभागांच्या छापील करारनाम्यांत असे एक कलम आढळते की, नकाशे, तपशील, कामाचा दर्जा इत्यादींबाबत अधीक्षक अभियंत्याचा निर्णय अंतिम व बंधनकारक राहील. हे वाचून पुष्कळांची अशी समजूत होते की, अधीक्षक अभियंता हाच लवाद होय. परंतु उत्तर प्रदेश शासन विरुद्ध टिपर चंद या १९८० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने असे कलम हा लवाद करार नव्हे असे ठरविले, आणि ओरिसा शासन विरुद्ध दामोदर दास या १९९६ च्या निकालात तेच तत्त्व पुन्हा सांगितले. कारण उघड आहे. अशा कलमाने अधिकाऱ्याला कामावर देखरेख करण्याचा व कारभार चालविण्याचा अधिकार दिलेला असतो. दोन पक्षांमधील तंटा दोघांचे म्हणणे ऐकून न्यायबुद्धीने सोडविण्याचे काम त्याच्याकडे सोपविलेले नसते.

दुसरा प्रकार असा की, ‘पक्षांची इच्छा असल्यास तंटा लवादाकडे सोपविता येईल’ असे शब्द करारात असतात. जगदीश चंदर विरुद्ध रमेश चंदर या २००७ च्या निकालाप्रमाणे यालाही लवाद करार म्हणता येत नाही. कारण पुढे पुन्हा संमती लागेल असे त्यात गृहीत आहे. तंटा सोपविलाच पाहिजे असे बंधन करारात हवे, आणि ते लेखी हवे. ते नसेल तर उच्च न्यायालय लवाद नेमणार नाही. दिवाणी किंवा वाणिज्यिक न्यायालयाचा मार्ग धरावा लागेल.

नोटीस आणि तीस दिवस

करारात योग्य कलम आहे असे समजू. आता कंत्राटदाराने काय करावयाचे? त्याने दुसऱ्या पक्षाला लेखी नोटीस द्यावयाची. कोणता करार, कोणते कलम, तंटा कशाचा, मागणी किती, हे त्यात सांगून तंटा लवादाकडे सोपवावा अशी स्पष्ट विनंती करावयाची, आणि शक्य तर लवादासाठी नावे सुचवावयाची. अधिनियमाच्या एकविसाव्या कलमाप्रमाणे ही नोटीस दुसऱ्या पक्षाला ज्या दिवशी मिळते त्या दिवशी लवादाची कार्यवाही सुरू झाली असे मानले जाते. मूळ मागणीची मुदत मोजतानाही हाच दिवस धरला जातो. म्हणजे आपल्या आवक नोंदवहीतील ती एक ओळ व तिच्यासमोरची तारीख हा या प्रकरणातील महत्त्वाचा पुरावा ठरतो.

नोटीस मिळाल्यापासून तीस दिवसांत दोघांचे एका नावावर एकमत झाले तर प्रश्नच मिटला. न्यायालयात जाण्याचे कारण उरत नाही. तीन लवादांचा करार असेल तर प्रत्येक पक्षाने एकेक नेमावयाचा व त्या दोघांनी तिसरा, म्हणजे अध्यक्ष लवाद, निवडावयाचा. तेथेही तीस दिवसांचीच मुदत सांगितलेली आहे. करारात वेगळी पद्धत ठरलेली असेल आणि एखादा पक्ष ती पाळीत नसेल, तर दुसऱ्याला न्यायालयाकडे जाता येते.

दुर्दैवाने पुष्कळ कार्यालयांत या तीस दिवसांत काहीच घडत नाही. नोटीस एका मेजावरून दुसऱ्या मेजावर जाते, विधी शाखेचे मत मागविले जाते, आणि मत येईपर्यंत मुदत संपते. दातार स्विचगिअर विरुद्ध टाटा फायनान्स या २००० सालच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, करारात ठरलेल्या पद्धतीने लवाद नेमण्याचा हक्क तीस दिवस उलटताच नाहीसा होत नाही. परंतु दुसऱ्या पक्षाने एकदा न्यायालयात अर्ज केला की तो हक्क संपतो. अर्थात उत्तर देण्यास विलंब करणारा पक्ष आपल्याच हाताने निवडीतील आपला वाटा गमावून बसतो.

अर्ज करणाऱ्यालाही मुदतीचे बंधन आहे. अकराव्या कलमाखालील अर्जाला तीन वर्षांची मुदत लागू होते, आणि ती नेमणुकीस नकार मिळाल्यापासून किंवा नोटिशीत दिलेला अवधी निष्फळ गेल्यापासून मोजावयाची, असे भारत संचार निगम विरुद्ध नॉर्टेल या २०२१ च्या निकालात ठरले. मूळ मागणीची मुदत वेगळी आणि या अर्जाची मुदत वेगळी, ही गोष्ट अनेकांच्या ध्यानात येत नाही. मुळातच शिळी झालेली मागणी केवळ नवी नोटीस दिल्याने ताजी होत नाही.

न्यायालय काय पाहते?

हा अर्ज उच्च न्यायालयात करावा लागतो. जिल्हा न्यायालयाला हा अधिकार नाही. दोहोंपैकी एक पक्ष परदेशी असून तंटा आंतरराष्ट्रीय वाणिज्यिक स्वरूपाचा असेल तर अर्ज सर्वोच्च न्यायालयात जातो.

नेमणुकीच्या वेळी न्यायालयाने किती खोलात शिरावे, हा प्रश्न बरीच वर्षे वादाचा होता, आणि त्यातील एक महत्त्वाचा टप्पा आपल्या कोकणाच्या रेल्वेशी निगडित आहे. रोहा ते मंगळूर हा लोहमार्ग उभारणारे कोकण रेल्वे महामंडळ आणि राणी कन्स्ट्रक्शन ही कंपनी यांच्यातील प्रकरणात २००२ साली सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने असे ठरविले की, लवाद नेमण्याचे मुख्य न्यायमूर्तींचे काम हे प्रशासकीय स्वरूपाचे आहे. याचा अर्थ असा की, त्यांनी केवळ नाव द्यावे. बाकीचे सर्व वाद लवादाने पाहावेत. पुढे २००५ साली एस. बी. पी. आणि कंपनी विरुद्ध पटेल इंजिनीअरिंग या प्रकरणात सात न्यायमूर्तींच्या पीठाने सहा विरुद्ध एक अशा बहुमताने हा निर्णय फिरविला व हे काम न्यायिक आहे असे सांगितले. त्यानंतर करार वैध आहे काय, मागणी मुदतीत आहे काय, तंटा आधीच मिटला होता काय, असे अनेक प्रश्न नेमणुकीच्या अर्जातच उपस्थित होऊ लागले, आणि केवळ लवाद मिळविण्यासच दीर्घ काळ लागू लागला.

म्हणून २०१५ च्या दुरुस्तीने संसदेने न्यायालयाचे काम मर्यादित केले. लवाद करार अस्तित्वात आहे किंवा नाही, एवढेच न्यायालयाने पाहावे, अशी तरतूद करण्यात आली. आणि दुसऱ्या पक्षाला अर्जाची नोटीस बजावल्यापासून साठ दिवसांत अर्ज निकालात काढण्याचा प्रयत्न व्हावा असेही सांगण्यात आले. २०१९ च्या दुरुस्तीत ही नेमणूक लवाद संस्थांमार्फत व्हावी अशी योजना होती. परंतु २०२३ अखेर सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने या विषयावर निकाल दिला तेव्हाही ते कलम अंमलात आलेले नव्हते.

या मर्यादेचा बांधकामाच्या तंट्याशी फार जवळचा संबंध आहे. अंतिम बिल देताना कंत्राटदाराकडून ‘आता माझे काही येणे नाही’ असे ना-दावा प्रमाणपत्र लिहून घेण्याची पद्धत सर्वत्र आहे. नंतर तो म्हणतो, पैसे अडकून पडले होते म्हणून मी नाइलाजाने सही केली. हे खरे की खोटे, हे कोणी ठरवावयाचे? २०२४ च्या जुलैमध्ये एस. बी. आय. जनरल इन्शुरन्स विरुद्ध क्रिश स्पिनिंग या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, हा पुराव्याचा प्रश्न आहे व तो लवादाने ठरवावा; नेमणूक करणाऱ्या न्यायालयाने त्यात शिरू नये. यास्तव ना-दावा प्रमाणपत्र फायलीला लावलेले आहे, म्हणजे लवादाची नेमणूकच होणार नाही, अशा भरवशावर कोणी राहू नये. तसेच, नेमणूक झाली म्हणजे कंत्राटदाराची मागणी खरी ठरली, असेही मानू नये. अधिनियमाच्या सोळाव्या कलमाप्रमाणे स्वतःच्या अधिकारक्षेत्राविषयीचे आक्षेपही लवादच ऐकतो.

मुद्रांकाचा प्रश्न

मुद्रांकशुल्क न भरलेल्या करारातील लवादाचे कलम चालते काय, हा प्रश्नही असाच अडवणुकीचा ठरला होता. ओडिशातील पेंठा गावाजवळ समुद्राने किनारा खचू नये म्हणून बांध घालण्याचे काम होते. त्याच्या उपकंत्राटाचा तंटा गरवारे वॉल रोप्स आणि कोस्टल मरीन कन्स्ट्रक्शन्स या दोन कंपन्यांत उभा राहिला. मुंबई उच्च न्यायालयाने लवाद नेमला. परंतु २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने, करारावर मुद्रांक नाही म्हणून, ती नेमणूक रद्द केली. २०२३ च्या एप्रिलमध्ये पाच न्यायमूर्तींच्या पीठाने बहुमताने हेच मत उचलून धरले. परंतु त्याच वर्षी १३ डिसेंबर रोजी सात न्यायमूर्तींच्या पीठाने एकमताने ते फिरविले. मुद्रांक नसणे हा दुरुस्त होणारा दोष आहे. त्यामुळे करार पुराव्यात घेता येत नाही, पण तो रद्दबातल होत नाही. आणि तो प्रश्न लवादाने पाहावा, असे या पीठाने सांगितले. तरीही शुल्क भरावे लागतेच. करारावर सही होते त्याच दिवशी योग्य मुद्रांक पाहून घेतला तर पुढचा हा सर्व खटाटोप टळतो.

लवाद तिऱ्हाईतच हवा

आता सर्वांत महत्त्वाच्या मुद्द्याकडे वळू. आपल्या उदाहरणातील करारात असे कलम आहे असे समजा की, संस्थेचा प्रमुख ज्या अधिकाऱ्याची नेमणूक करील तोच एकमेव लवाद राहील. अशी कलमे शासकीय करारांत पिढ्यान्‌पिढ्या छापली जात होती, आणि संबंधित कामाशी त्या अधिकाऱ्याचा प्रत्यक्ष संबंध आलेला नसेल तर न्यायालयेही ती पूर्वी मान्य करीत होती. परंतु २०१५ च्या दुरुस्तीने बाराव्या कलमाला पाचवे उपकलम जोडले गेले व सातवी अनुसूची आली. तीप्रमाणे पक्षाचा नोकर, सल्लागार किंवा पक्षाशी व्यावसायिक संबंध असलेला माणूस लवाद होण्यास अपात्र ठरतो. तंटा निर्माण झाल्यानंतर दोन्ही पक्षांनी स्पष्ट लेखी संमती दिली तरच ही अपात्रता दूर होते. तंट्यापूर्वी करारातच घेऊन ठेवलेली संमती यासाठी चालत नाही.

त्यापुढील पायरी २०१७ आणि २०१९ च्या निकालांनी गाठली. जो स्वतः लवाद होऊ शकत नाही, त्याला दुसऱ्याची एकट्याने नेमणूकही करता येत नाही, असे टी. आर. एफ. आणि पर्किन्स ईस्टमन या प्रकरणांत ठरले. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी रेल्वे विद्युतीकरणाच्या केंद्रीय संघटनेच्या प्रकरणात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने या सर्व प्रश्नाचा विचार केला. शासकीय करारांत एका पक्षाला एकट्याने लवाद नेमण्याचा अधिकार देणारे कलम हे घटनेच्या १४ व्या अनुच्छेदातील समानतेच्या तत्त्वाशी विसंगत आहे, असे त्यांनी बहुमताने ठरविले. सार्वजनिक संस्थेला संभाव्य लवादांची नामिका ठेवता येईल. परंतु त्याच नामिकेतून निवड करण्याची सक्ती कंत्राटदारावर करता येणार नाही. त्रिसदस्यीय लवादमंडळांच्या बाबतीत हा निकाल त्या तारखेनंतरच्या नेमणुकांना लागू होतो, असेही पीठाने स्पष्ट केले.

काही अधिकाऱ्यांना हा आपल्या सचोटीवरील अविश्वास वाटतो. तसे मानण्याचे कारण नाही. आपले अधिकारी निःपक्षपातीपणे निर्णय देऊ शकतात, याविषयी शंका नाही. परंतु ज्या कंत्राटदाराने विरुद्ध बाजूस उभे राहून आपल्याच विभागातील अधिकाऱ्याकडून निवाडा घ्यावयाचा आहे, त्याला तो निवाडा न्याय्य वाटला पाहिजे. गावच्या पंचायतीतही वादीचा सख्खा भाऊ पंच म्हणून बसला तर त्याच्या निर्णयावर कोणाचा विश्वास बसेल? आणि याला एक व्यवहारी बाजूही आहे. अपात्र लवादाने वर्षभर काम करून दिलेला निवाडा पुढे टिकत नाही. वेळ गेला, शुल्क गेले, व्याज वाढले. आणि शेवटी हा सर्व बोजा सार्वजनिक निधीवरच पडतो.

उच्च न्यायालय लवाद नेमते तेव्हा करारात सांगितलेली अर्हता ते पाहते, आणि नियोजित लवादाकडून त्याच्या हितसंबंधांविषयी लेखी प्रकटन मागविते. करारात अभियंता हवा असे म्हटलेले असेल तर त्याचा विचार होतो. नसेल तर निवृत्त न्यायाधीश, वकील किंवा तंत्रज्ञ यांपैकी कोणाचीही नेमणूक होऊ शकते. नेमणुकीच्या आदेशावर अपील नाही. घटनेच्या १३६ व्या अनुच्छेदाखाली सर्वोच्च न्यायालयाची विशेष अनुमती मागता येते, एवढीच वाट उरते.

वेळ आणि खर्च

लवाद म्हणजे फुकटचा न्याय नव्हे. अधिनियमाच्या चौथ्या अनुसूचीत शुल्काचे नमुना प्रमाण दिले आहे. पाच लाखांपर्यंतच्या मागणीस ४५,००० रुपये. पाच ते वीस लाखांच्या मागणीस ४५,००० रुपये अधिक पाच लाखांवरील रकमेच्या साडेतीन टक्के. याप्रमाणे ते चढत जाते. आपल्या उदाहरणात मागणी अठरा लाखांची आहे. म्हणजे ४५,००० अधिक तेरा लाखांचे साडेतीन टक्के ४५,५००, मिळून ९०,५०० रुपये. आणि लवाद एकटाच असेल तर त्यावर पंचवीस टक्के, म्हणजे २२,६२५ रुपये अधिक. एकूण १,१३,१२५ रुपये झाले. वकिलाचा व इतर खर्च निराळा. तीन लवाद असतील तर प्रत्येकाचे शुल्क स्वतंत्र. म्हणून लहान कामाच्या करारात तीन लवादांचे कलम घालण्यापूर्वी हा हिशेब मांडून पाहावा.

वेळेचेही बंधन आहे. लवादाला नेमणुकीची लेखी सूचना मिळाल्यापासून सहा महिन्यांत दोन्ही बाजूंची निवेदने पूर्ण व्हावीत, आणि ती पूर्ण झाल्यापासून बारा महिन्यांत निवाडा व्हावा, अशी २०१९ च्या दुरुस्तीनंतरची तरतूद आहे. पक्षांच्या संमतीने आणखी सहा महिने मिळतात. त्यापुढे न्यायालयाकडून मुदतवाढ घ्यावी लागते.

केंद्रीय अर्थ मंत्रालयाने ३ जून २०२४ रोजी देशांतर्गत सार्वजनिक खरेदीच्या करारांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. लवादाचे कलम प्रत्येक करारात सरसकट घालू नये, सामान्यतः दहा कोटी रुपयांपेक्षा कमी रकमेच्या तंट्यांपुरते ते ठेवावे, आणि मध्यस्थीचा मार्ग अधिक अवलंबावा, असा त्यांचा रोख आहे. २०२३ साली मध्यस्थीसाठी स्वतंत्र अधिनियमही झाला. कलम घालावे की नाही हा धोरणाचा प्रश्न आहे; परंतु घालावयाचे तर ते स्पष्ट शब्दांत घालावे, एवढे तरी सर्वांना मान्य व्हावे.

आपण काय करावे?

आता आपल्या हातातील काही गोष्टी सांगतो. करारावर सही करण्यापूर्वी तंट्याचे कलम मोठ्याने वाचावे. त्यात लवाद हा शब्द आहे काय, तंटा सोपविण्याचे बंधन आहे काय, नेमणूक कोण करणार आणि ती एकतर्फी तर नाही ना, लवाद किती, बैठकीचे ठिकाण कोणते, हे पाहावे. जुना छापील नमुना आहे तसाच वापरण्याची सवय सोडावी. २०१५ पूर्वीची पुष्कळ वाक्ये आज निरुपयोगी झाली आहेत. जागेवर तोंडी दिलेला आदेश त्याच आठवड्यात लेखी करावा व जादा बाब मोजमाप पुस्तिकेत चढवावी. मुदतवाढीच्या अर्जाला होकार वा नकार द्यावा. तो दाबून ठेवू नये.

लवादाची नोटीस आली तर तिची तारीख नोंदवून त्याच दिवशी ती अधिकाऱ्यापुढे ठेवावी, आणि तीस दिवसांच्या आत उत्तर द्यावे. मागणी मान्य नसली तरी लवादाच्या नावास संमती देता येते. या दोन गोष्टी भिन्न आहेत. दोन-तीन निःपक्षपाती नावे आपण सुचविली व त्यांतून एक ठरले, तर उच्च न्यायालयापर्यंतचा प्रवास, त्याचा खर्च आणि तेवढा कालावधी, सर्वच वाचते. न्यायालयाचा दरवाजा दोघांनाही खुला आहे, हे योग्यच आहे. पण जे काम एका पत्राने होण्यासारखे आहे त्यासाठी तो ठोठावण्याची वेळ येऊ देणे हा कारभारातील दोषच म्हटला पाहिजे.

आणि शेवटी एक गोष्ट विसरू नये. तंटा पैशाचा असतो. तो चालू असताना बांधकाम मात्र तसेच पडून राहते. झालेल्या कामाची दोघांच्या समक्ष संयुक्त मोजणी करून, छायाचित्रे काढून, पंचनामा करून ठेवला, तर पुरावा सुरक्षित राहतो आणि उरलेले काम नियमाप्रमाणे दुसऱ्याकडून पुरे करून घेण्यास वाट मोकळी होते. एखाद्या पक्षाला त्यात अडथळा वाटत असेल तर अंतरिम आदेशासाठी अधिनियमाच्या नवव्या कलमाखाली न्यायालयाकडे आणि लवाद नेमला गेल्यावर सतराव्या कलमाखाली लवादाकडे जाता येते. कोणाचे येणे किती, हे लवाद सावकाश ठरवील. मुलांना मात्र जूनमध्ये वर्गखोली लागते. ती गरज डोळ्यांपुढे ठेवून आपण कागद हाताळले, तर आपल्या गावातील तंटे कमी होतील, आणि जे होतील तेही लवकर मिटतील, असा मला विश्वास वाटतो.